मला शुगर नाही, तरी शुगरची गोळी? (पीसीओएस आणि आयव्हीएफ)

तळ्याकाठची | ३ डिसेंबर, रात्री १०.५०

नमस्कार. वर्षभर नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी सोलापूरची, वय ३१, लग्नाला सहा वर्षं झाली. कॉलेजपासूनच पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं (यालाच पीसीओएसही म्हणतात), म्हणजे अंडाशयात छोट्या छोट्या पिशव्या आणि हार्मोनचा गोंधळ. लग्नानंतर अंडं तयार व्हायच्या गोळ्या झाल्या, दोनदा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं, दिवस राहिले नाहीत. आता जानेवारीत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं ठरलंय.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सुरू केली. आधी रात्री एक, आठवड्याने दोन, आता तीन घ्यायला सांगितल्यात. मी विचारलं, मला शुगर आहे का? म्हणाल्या, नाही, पण तुमचं इन्शुलिन जास्त आहे. बाहेर एवढी गर्दी बसलेली होती की पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

घरी सासूबाईंनी पट्टी बघितली. त्या अकरा वर्षांपासून हीच गोळी घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा वेगळ्या पातेल्यात, बिनसाखरेचा. बोलल्या काहीच नाहीत, नुसता कप पुढे केला. मायेनेच केलं त्यांनी, ते मला कळतं. पण संध्याकाळी अक्कलकोटहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, शुगर निघाली म्हणे तुला?" तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि पोटाचे हाल. मी शाळेत शिकवते. दोनदा तिसऱ्या तासाला वर्ग मॉनिटरवर सोडून पळावं लागलं. तोंडात सारखी तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव. चार दिवसांपासून मी गोळी बंद केलीय आणि डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

ज्यांना शुगर नाही त्यांना ही गोळी का देतात? हिने अंडी चांगली होतात का? आणि सोडली तर आयव्हीएफवर परिणाम होईल का? कोणी घेतली असेल तर कृपया सांगा.

होटगीरोडकर | ३ डिसेंबर, रात्री ११.०५

ताई, बाकी लोक लिहितीलच. पण उद्या सकाळी पहिला फोन डॉक्टरांना करा. गोळी बंद केल्याचं त्यांना माहीत असायलाच हवं. रागावल्या तर रागावू देत.

बार्शीची_लेक | ३ डिसेंबर, रात्री ११.३०

अगं, तू माझीच गोष्ट लिहिलीस. नाण्याची चव, पळापळ, सगळं तेच.

माझ्या डॉक्टरांनी साधी गोळी बदलून एसआर दिली, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी. निम्मा त्रास तिथेच गेला. उरलेला गेला तो गोळी घ्यायची वेळ बदलल्यावर. मी जेवण झालं, भांडी आवरली की मग घ्यायचे. आमच्या मावशी म्हणाल्या, भाकरीचे चार घास खा, गोळी घे, मग पुढचं जेव. तसं केल्यावर मळमळ थांबली. तीनवर जायला मला सहा आठवडे लागले. डॉक्टर म्हणाल्या, घाई नाही, पोट ऐकेल तसं वाढवू.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती म्हणून तुला सांगते. एसआर गोळीचं टरफल कधीकधी शौचातून अख्खं बाहेर पडतं. मी घाबरले, म्हटलं गोळी लागूच होत नाही. पण औषध आत उतरलेलं असतं, रिकामं कवच तेवढं बाहेर येतं.

औषधवाला | ४ डिसेंबर, सकाळी ८.१०

माझं मेडिकलचं दुकान आहे, नवी पेठेच्या बाजूला. काउंटरवर रोज बघतो त्या दोन-तीन गोष्टी लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. सासूबाईंची गोळी आणि तुमची गोळी एकच, असं समजून त्यांच्या डब्यातली कधीही घेऊ नका. मधुमेहाच्या पुष्कळ पट्ट्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराईड असतं. नाव जवळपास सारखं, पुढे एखादं अक्षर किंवा आकडा जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा साखर एकदम खाली जात नाही, ग्लिमेपिराईडने जाते. साखर नसलेल्या बाईने ती घेतली तर घाम फुटून चक्कर येईल. "घरात आहे की, कशाला नवीन आणायची" असं म्हणणारी माणसं मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात.

दुसरी, एसआर गोळी अर्धी करायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. गिळायला मोठी वाटली तर डॉक्टरांकडून बदलून घ्या.

तिसरी, ही गोळी बरीच वर्षं घेतली की शरीरातलं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसांनी जास्तच लक्ष द्यावं. रक्ताची साधी तपासणी आहे.

माळदांडी | ४ डिसेंबर, दुपारी १.२०

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. माझ्या बायकोलाही पीसीओडी होतं. आम्ही एकही गोळी घेतली नाही. मैदा, बेकरी बंद केली, दोन वेळा ज्वारीची भाकरी, रोज पहाटे तळ्याभोवती तासभर चालणं. आठ महिन्यांत सात किलो उतरले, पाळी लागली, पुढे दिवस राहिले. आज मुलगी चार वर्षांची आहे. जिथे भाकरीने काम होतं तिथे आयुष्यभराची गोळी कशाला मागे लावून घ्यायची?

विडी_घरकुलची_अक्का | ४ डिसेंबर, दुपारी २.००

दादा, तुमच्या घरी झालं, लई आनंद वाटला. पण माझं वजन ४७ किलो. मी काय उतरवू सांगा? मी बी खायलेय ही गोळी. दोन टाइम भाकरी, चालणं म्हणाल तर कारखान्यात दिवसभर उभीच असते टॉवेलच्या घड्या घालत. तरी पाळी चार महिन्यांनी येती. बारीक बायकांना होत नाही असं समजून माझं निदानच दोन वर्षं उशिरा झालं.

माळदांडी | ४ डिसेंबर, दुपारी २.४०

अक्का, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझा सल्ला सगळ्यांना लागू होईल असं धरून लिहिलं, ते चुकलं.

पाटीलवाडा | ४ डिसेंबर, दुपारी ३.१५

भाकरीचा विषय निघालाच आहे तर, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं बरं का! आमच्याकडे पुढच्या महिन्यात हुरडा. सगळ्या मैत्रिणींनी यावं, गोळ्या पर्समध्ये टाकून. शेंगा चटणी आमची.

बार्शीची_लेक | ४ डिसेंबर, दुपारी ३.३०

हुरड्याला मी येणार! गुळाची ढेप मात्र माझ्यापासून लांब ठेवा. 😄

डॉ_दक्षिण_सोलापूर | ४ डिसेंबर, रात्री ९.४५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तळ्याकाठची, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुम्ही काय करायचं हे तुमच्याच डॉक्टर ठरवतील. पण ओपीडीच्या गर्दीत राहून गेलेली उत्तरं इथे सविस्तर लिहिते. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे.

इन्शुलिनचं काम रक्तातली साखर पेशींत पोचवायचं. पीसीओएसच्या बऱ्याच जणींत पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. म्हणून साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि इन्शुलिन मात्र चढलेलं राहतं. हे वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. शिवाय ते हार्मोन रक्तात धरून ठेवणारं जे प्रथिन लिव्हर बनवतं, तेही कमी होतं. त्यामुळे अंडाशयातल्या छोट्या पिशव्या अर्धवट वाढून तिथेच थांबतात, अंडं फुटत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीत माळेसारख्या दिसतात त्या याच. गाठी म्हणून घाबरायचं कारण नाही.

मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो, तीही बहुतेक वेळा वाढलेल्या इन्शुलिनचीच खूण. पोरींच्या आया तो बेसन-हळदीने घासून घासून कातडी सोलवटून आणतात. तो मळ नसतो हो, पोरीला घासू नका.

मेटफॉर्मिन लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करतं आणि पेशींना इन्शुलिनला दाद द्यायला मदत करतं. इन्शुलिन उतरलं की अंडाशयावरचा दाब कमी होतो. म्हणून मधुमेह नसतानाही ही गोळी देतात. पीसीओएसमध्ये तिचा वापर १९९० च्या दशकापासून होतो आहे.

आता खरी अपेक्षा किती ठेवायची ते सांगते. मेटफॉर्मिन ही गर्भ राहायची गोळी नाही. अमेरिकेत ६२६ बायकांवर झालेला मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या मेटफॉर्मिनवर मूल जन्मण्याचं प्रमाण ७.२ टक्के, नुसत्या क्लोमिफेनवर (अंडं तयार करायची गोळी) २२.५ टक्के, दोन्ही एकत्र दिल्यावर २६.८ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा ठरला नाही. त्यामुळे नुसती ही गोळी देऊन वर्षभर वाट पाहायला लावणं मला पटत नाही. जोडीला असलेली गोळी म्हणून तिची जागा आहे.

आयव्हीएफमध्ये तिचा उपयोग आणखी वेगळा. पीसीओएसच्या अंडाशयात पिशव्या भरपूर असतात, त्यामुळे इंजेक्शनांना ते फार जोरात उत्तर देतं आणि ओएचएसएसचा, म्हणजे अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा, धोका वाढतो. जुन्या लांब पद्धतीत, म्हणजे आधीच्या पाळीपासून अॅगोनिस्ट इंजेक्शन (शरीराचे स्वतःचे हार्मोन दाबून ठेवणारं) चालतं तिथे, मेटफॉर्मिनने हा धोका कमी होताना दिसलेला आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही त्या पद्धतीसाठी तिचा विचार करायला सांगतात. हल्ली आपण बहुतेकींना अँटॅगॉनिस्टची (अंडं वेळेआधी फुटू न देणाऱ्या इंजेक्शनची) छोटी पद्धत देतो. तिथे मेटफॉर्मिनचा फायदा असा ठळक दिसलेला नाही, आणि ओएचएसएस टाळायला इतर उपाय आहेत. म्हणून डॉक्टरांना हे विचारा: "माझी पद्धत कोणती, आणि त्यात ही गोळी कशासाठी?" या एका प्रश्नाने तुमचा बराचसा गोंधळ मिटेल.

"अंडी चांगली होतात का" याचं ठाम हो असं उत्तर मी देणार नाही.

चार दिवस बंद राहिल्याने काही बिघडलं नाही. पण परत सुरू करताना एकदम तीनवर जाऊ नका, पोट पुन्हा रुसेल. किती घ्यायची ते फोनवर विचारूनच घ्या. किडनीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, आणि अंडी काढताना भूल देतात त्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू असल्याचं सांगा.

तळ्याकाठची | ४ डिसेंबर, रात्री १०.३०

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. माझ्या मानेवर दहावीपासून तो पट्टा आहे. आई रविवारी दगडाने घासायची. आज आईला फोन करून हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्पच होती.

उद्या डॉक्टरांना फोन करते.

सात_रस्ता | ५ डिसेंबर, सकाळी ९.००

धाग्याचा विषय थोडा वळवतो, माफ करा. आमच्या हिला आययूआयच्या आधी अंडं तयार व्हायला लेट्रोझोल गोळी दिली होती. घरी येऊन पट्टीतला कागद वाचला तर त्यावर स्तनाचा कॅन्सर! दोघंही रात्रभर झोपलो नाही. मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, या गोळीवर बंदी होती. हे खरं आहे का?

औषधवाला | ५ डिसेंबर, सकाळी ९.४०

बंदी होती, आता नाही. २०११ मध्ये केंद्राने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली होती, २०१७ मध्ये ती उठली. कागदावर कॅन्सर छापलेलं असतं कारण औषध मुळात त्यासाठी निघालं.

डॉ_दक्षिण_सोलापूर | ५ डिसेंबर, दुपारी २.१०

बरोबर. ७५० बायकांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात लेट्रोझोलवर मूल जन्मण्याचं प्रमाण २७.५ टक्के होतं, क्लोमिफेनवर १९.१. आज पीसीओएसमध्ये अंडं तयार करायला पहिली गोळी म्हणून लेट्रोझोलच देतात. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसच असते ती. तुम्हा दोघांची झोप गेली याचं मला वाईट वाटतं. पट्टी हातात देताना दोन वाक्यं सांगितली असती तर ही वेळ आली नसती.

जुनी_वाचक | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

मेटफॉर्मिनची मूळ गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची रानटी वनस्पती आहे. तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, त्याच घराण्यातलं हे औषध. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मधुमेहींवर त्याचा वापर करून प्रसिद्ध केला. अमेरिकेने परवानगी दिली ती थेट १९९४ मध्ये. म्हणजे ताई, तुमच्या हातातली गोळी तुमच्या सासूबाईंच्या वयाची आहे.

अशोक_चौक | ६ डिसेंबर, रात्री ११.५०

वर ओएचएसएसचं नाव वाचलं आणि लिहायला बसले. नऊ वर्षं झाली, आता लिहू शकते.

माझं आयव्हीएफ २०१६ मध्ये दुसऱ्या शहरात झालं. एकतीस अंडी निघाली. मला वाटलं, केवढी भाग्यवान मी. तिसऱ्या दिवशी परकराची नाडी बसेना. चौथ्या दिवशी चपलेत पाय जाईनात. तीन दिवसांत वजन चार किलो वाढलं. लघवी दिवसातून दोनदा, तीही कपभर. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून रात्रभर उशांना टेकून बसून राहायचे. फोन केला तर पलीकडून सांगितलं, गॅस झाला असेल, ताक प्या. माझ्या भावाने ऐकलं नाही, रात्री दीड वाजता गाडीत घातलं आणि दुसऱ्या दवाखान्यात नेलं. पोटातून पाणी काढलं, सहा दिवस अॅडमिट होते.

मला मेटफॉर्मिन दिलेली नव्हती. दिली असती तर टळलं असतं का, मला माहीत नाही. पण कोणी आधी एवढं सांगितलं असतं की पोट फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, श्वास लागला तर लगेच या, तर मी तीन दिवस घरी काढले नसते. तळ्याकाठची, अंडी काढल्यावर रोज सकाळी वजन कर आणि लिहून ठेव. तुझ्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आजच मागून घे.

तळ्याकाठची | ७ डिसेंबर, सकाळी ७.१०

ताई, वाचून अंगावर काटा आला. नंबर आजच घेते. वजनकाटा पण आणते.

डॉ_दक्षिण_सोलापूर | ७ डिसेंबर, रात्री १०.००

अशोक चौक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ही लक्षणं प्रत्येकीला तोंडपाठ हवीत.

तेव्हापासून बरंच बदललंय. छोटी पद्धत, अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन एचसीजी या हार्मोनऐवजी दुसरं, आणि सगळे गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या पाळीत आत सोडणं. एवढं केलं की गंभीर ओएचएसएस क्वचितच होतो. अंडी खूप निघाली आणि डॉक्टर म्हणाल्या, "आता लगेच गर्भ सोडत नाही," तर निराश होऊ नका. त्या तुमचा जीव सांभाळत असतात.

पुण्याची_भाची | ९ डिसेंबर, दुपारी १२.२०

रेल्वेत बसून हा धागा वाचतेय. मलाही पीसीओएस आहे. माझी एक मैत्रीण वजनासाठी सेमाग्लुटाईडचं इंजेक्शन घेते, तेही मधुमेहाचंच. आयव्हीएफच्या आधी ते घेतलं तर?

डॉ_दक्षिण_सोलापूर | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

वजन उतरतं, पण गर्भ राहण्याच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावं लागतं. त्यामुळे उपचाराच्या तारखा ठरायच्या आधीच डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे. आणि घेत असताना गर्भ राहणार नाही याची काळजी घ्यायची. मैत्रिणीचं बघून स्वतः सुरू करू नका.

विडी_घरकुलची_अक्का | १० डिसेंबर, रात्री ८.४०

डॉक्टर, एक विचारू का? माझा सोमवारचा उपवास असतो, एकादशी बी असती. त्या दिवशी गोळी घ्यायची का नाही? आणि दिवस राहिले तर बंद करायची का?

डॉ_दक्षिण_सोलापूर | १० डिसेंबर, रात्री १०.१५

अक्का, अगदी हवा तो प्रश्न. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी घेऊ नका, रिकाम्या पोटी मळमळेल. फराळ करत असाल तर फराळासोबत घेता येते. पण साबुदाण्याची मोठी ताटली आणि वर बटाट्याचा कीस असा उपवास इन्शुलिनसाठी रोजच्या जेवणापेक्षा जड. भगर थोडी, दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी असं करा.

दिवस राहिल्यावर मात्र प्रत्येकीचं वेगळं. काही डॉक्टर टेस्ट पॉझिटिव्ह आली की थांबवतात, काही पहिले तीन महिने चालू ठेवतात. गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते, म्हणून विचार करूनच ठरवतात. गरोदरपणातला मधुमेह मात्र तिने टळत नाही. मनाने बंदही करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.

अजून एक. गरोदरपणाची तयारी करणाऱ्या पीसीओएसच्या प्रत्येकीने ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी साखरेची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटीची नॉर्मल आणि दोन तासांनंतरची १४० च्या वर, असं पुष्कळदा निघतं.

सात_रस्ता | ११ डिसेंबर, सकाळी १०.००

आणि नवऱ्यांनो, आपलीही तपासणी करा. आमची दोन वर्षं फक्त हिच्या गोळ्यांत गेली. शेवटी माझी तपासणी केली तेव्हा शुक्राणू कमी निघाले. हिने तेव्हापर्यंत किती टोमणे ऐकले असतील, ते मला आता कळतं.

तळ्याकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९.२०

डॉक्टरांना भेटले. आधी रागावल्या, मग खुर्ची जवळ ओढून दहा मिनिटं बोलल्या. माझी छोटी पद्धतच आहे. गोळी कशासाठी हे विचारलं तर म्हणाल्या, "तुमची दोन तासांनंतरची साखर १६२ आहे. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गर्भ राहायच्या आधी मला ती खाली हवी आहे." म्हणजे माझं उत्तर वेगळंच निघालं! रिपोर्ट माझ्याच फाइलमध्ये होता, मी फक्त उपाशीपोटीचा आकडा बघून मिटली होती.

आता एसआर, रात्री जेवताना एक, पंधरा दिवसांनी दोन. तिसरी नको म्हणाल्या. तीन दिवस झाले, पोट शांत आहे.

बार्शीची_लेक | १४ डिसेंबर, रात्री ९.३५

वा! आता वर्ग मॉनिटरवर सोडायला नको.

तळ्याकाठची | २५ जानेवारी, रात्री १०.००

खूप जणींनी विचारलं म्हणून परत आले.

इंजेक्शनं गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतच आली. रोज संध्याकाळी सातची वेळ ठरलेली. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, सिद्धरामेश्वराचं लग्न आहे, तुला सोडून मी जाणार नाही. मग बर्फ घातलेल्या छोट्या डब्यात इंजेक्शन घेऊन निघालो. नंदीध्वज डोळे भरून पाहिले, पांढऱ्या बाराबंदीतली ती सगळी माणसं पाहिली, संमती कट्ट्यावर अक्षता टाकल्या. परतताना गर्दीत सात वाजायला आले, तेव्हा विजापूर वेशीजवळ मैत्रिणीच्या घरी शिरलो. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि मी तिच्या स्वयंपाकघरात पोटात सुई टोचून घेतली.

अंडी २२ निघाली. डॉक्टरांनी सगळे गर्भ गोठवले, आत्ता काही सोडलं नाही. डॉक्टर, तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून रडू आलं नाही. वजन रोज लिहिलं, सातशे ग्रॅम वाढलं आणि उतरलं. पाच गर्भ आहेत. मार्चमध्ये एक सोडायचा आहे.

आता मूळ प्रश्न. गोळीने किती फरक पडला, हे मला कधीच कळणार नाही. पण दोन तासांनंतरची साखर आता १३१ आहे, तेवढं माझ्या हातात आहे.

आणि औषधवाले दादा, तुमच्यासाठी खास. तुम्ही बी१२ चं लिहिलं होतंत. सासूबाई दोन वर्षांपासून म्हणायच्या, पायाला मुंग्या येतात, चप्पल पायात आहे का नाही ते कळत नाही. सगळे म्हणायचे शुगरमुळे होतं, आणि विषय संपायचा. मी त्यांचं बी१२ तपासून घेतलं. फार कमी निघालं. अकरा वर्षं ही गोळी घेताना एकदाही तपासलेलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत. घरात सध्या दोघींच्या सुयांचा एकच डबा आहे.

औषधवाला | २६ जानेवारी, सकाळी ७.५०

ताई, सकाळी दुकान उघडायच्या आधी हे वाचलं. मुंग्या कमी व्हायला वेळ लागेल, काही महिनेही लागतील, आईंना सांगा इंजेक्शनं मध्येच सोडू नका. आणि तोवर घरातसुद्धा चप्पल घालून फिरायला सांगा, पाय रोज बघा, जखम झाली तर कळायची नाही.

विडी_घरकुलची_अक्का | २६ जानेवारी, सकाळी ८.३०

चहाचं काय झालं पण? साखर मिळाली का?

तळ्याकाठची | २६ जानेवारी, सकाळी ९.००

अक्का, आता एकाच पातेल्यात होतो, दोघींचा बिनसाखरेचा. मीच म्हटलं त्यांना. आलं जरा जास्त घालतो.

डॉ_दक्षिण_सोलापूर | २६ जानेवारी, रात्री १०.४०

फॉलिक अॅसिड चालू आहे ना? मार्चच्या आधी थायरॉईड पुन्हा तपासून घ्या. आणि गर्भ सोडायच्या आठवड्यात गोळी चालू ठेवायची की नाही, ते आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या.